तोलपट्टी

पावसाळ्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालेल्या छोट्या विमानाला घाटमाथ्याच्या अलीकडेच ढग गाठायचे. आधी पंखांची टोकं दिसेनाशी व्हायची, मग काचेबाहेर नुसतं पांढरं उरायचं. ते पांढरं फाटायचं एकदम समुद्रकाठच्या धावपट्टीपाशी, अगदी शेवटच्या क्षणी. कधी फाटायचंच नाही. मग ठरलेली किमान उंची आली की विमान पुन्हा वर उचलायचं, वळसा घ्यायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं.

हे सगळं केतकी घोरपडे एकटी करायची. शेजारची खुर्ची काढून तिथं बर्फाच्या पेट्या बसवलेल्या असत. त्यांत रक्ताच्या पिशव्या, सर्पदंशावरची औषधं, कधी एखादं मूत्रपिंड. तिच्या नोकरीचं पूर्ण नाव 'तातडी हवाई सेवा', पण लोक नुसतं 'तातडी' म्हणत. दरडी कोसळून घाट बंद पडले की कोकणातल्या दवाखान्यांना तातडीशिवाय कुणी नव्हतं, आणि आताशा घाट दर पावसाळ्यात बंद पडत.

ढगात माणसाचं सगळ्यात मोठं वैर असतं ते स्वतःच्या कानाशी. कानाच्या आत, खोलवर, तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की तो द्रव जरा मागे रेंगाळतो आणि त्या रेंगाळण्यावरून मेंदूला कळतं की आपण वळलो. जमिनीवर ही व्यवस्था चोख चालते. पण विमान सावकाश, एकसारखं वळत राहिलं तर थोड्या वेळानं तो द्रवही नळीबरोबर फिरायला लागतो, आणि मेंदू समजतो की आपण सरळ चाललोय. अशा वेळी वैमानिकानं विमान खरोखर सरळ केलं तर त्याला वाटतं की आपण उलट्या बाजूला कललो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे कानाला गप्प बसवतात. ढगात क्षितिज नसतं. मग माणूस अंगाला पटतं ते करतो आणि गरगरत जमिनीत जातो. कानाचं ऐकायचं नाही, समोरच्या यंत्रांचं ऐकायचं, हा वैमानिकाचा पहिला धडा. पण वारा विमानाला झोडपत असताना, उतरणीला लागलेलं असताना, तो धडा एकट्यानं पाळणं महाकठीण. ऑटोपायलट असायचा, पण घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात तो हात झटकून मोकळा व्हायचा.

तोलपट्टीनं हा प्रश्न मिटवला. दोन्ही कानांमागे चिकटवायच्या दोन पातळ पट्ट्या. विमानाच्या यंत्रांना ठाऊक असलेला खरा कल त्या क्षीण विद्युतप्रवाहानं थेट तोलाच्या नसेपर्यंत पोचवायच्या. कानाचं खोटं त्या प्रवाहाखाली दबून जायचं. डोळे मिटून घेतले तरी विमान कुठे कललंय ते केतकीला कळायचं, जसं तळहातावरचं पाण्यानं भरलेलं ताट कलल्याचं कळतं. पहिल्या वर्षी तिला ढगांची धास्ती वाटायची. पुढे पुढे ढगात शिरलं की तिचे खांदे सैल पडू लागले.

नियम असा होता की उतरल्यावर पट्टी काढून ठेवायची. पण काढली की तासभर जमीन होडीसारखी डुलायची, म्हणून सगळेच ती तशीच घालून घरी जात. विमान नसलं की पट्टीतलंच इवलंसं यंत्र डोक्याचा कल मोजायचं, आणि डुलणं थांबायचं.

एके सकाळी आंघोळीला बसताना केतकीनं पट्टी काढली, तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि ती स्टुलावरून सरळ बाजूला पडली. घसरली नाही, चक्करही आली नाही. आपण पडतोय हे तिला फरशी गालाला लागेपर्यंत कळलंच नाही.

नवरा रणधीर तिला मिरजेला डॉ. मुजावरांकडे घेऊन गेला. कान आणि तोल यांवर त्या भागात त्यांच्याइतकं काम कुणाचं नव्हतं. त्यांनी तिला पट्टी काढून जाड फोमच्या गादीवर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. दोन नर्स दोन्ही बाजूंना उभ्या होत्या म्हणून ती वाचली.

"तुमचे कान ठणठणीत आहेत," सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या. "नळ्या चांगल्या, नसा चांगल्या. बिघाड ऐकणाऱ्यात आहे."

"म्हणजे?"

"चार वर्षं तुमच्या मेंदूला दोन बातम्या येत होत्या. एक कानाची, एक पट्टीची. पट्टीची दर वेळी खरी निघाली. मेंदू फार व्यवहारी असतो. त्यानं कानाकडे लक्ष देणंच सोडून दिलं."

"परत द्यायला लागेल?" रणधीरनं विचारलं.

"पट्टी पूर्ण बंद केली तर, कदाचित. मी खोटी आशा देणार नाही. असा पेशंट माझ्याकडे यांच्याआधी आलेला नाही."

"आणि नाही बंद केली तर?" केतकी म्हणाली.

"तर आहे तेवढंही जाईल."

परतीच्या वाटेवर रणधीर गाडी एरवीपेक्षा सावकाश चालवत होता. शिरोलीला त्याची छोटी फौंड्री होती. वितळलेल्या लोखंडाशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाची सावधगिरी त्याच्या अंगात मुरलेली होती. हातकणंगल्याशी तो म्हणाला, "जुईला कडेवर घेऊन जिना उतरतेस तू रोज."

"पट्टी असते तेव्हा."

"आणि ती बंद पडली तर?"

जुई तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि आईच्या कडेवरून खाली उतरायला तयार नसायची.

"सोड," रणधीर म्हणाला.

तिनं सोडलं. तातडीचे प्रमुख कॅप्टन सबनीस यांनी तिला विमानतळावरच्या नियंत्रण कक्षात बसायचं काम दिलं आणि झाला प्रकार बाहेर बोलू नये असं सुचवलं. तिनं दिलवरला मात्र सांगितलं. दिलवर पावरा सातपुड्यातल्या धडगावचा, तिच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, आणि तातडीतला सगळ्यात तरबेज वैमानिक. तिची सगळी उड्डाणं आता त्याच्याकडे आली होती.

"ताई, मी डोंगरातला माणूस," तो म्हणाला. "माझा तोल पायात आहे, कानात नाही."

"रात्री काढून झोपतोस?"

"नाही. काढली की पलंग फिरतो."

"मग तूही सोड, दिलवर."

"दोघांनीही सोडलं तर राजापूर, लांज्याला रक्त कोण नेणार? घाट बंद आहे, ताई. पाऊस संपू दे. मग बघतो."

घरी पट्टी सोडण्याचे दिवस सुरू झाले. डॉक्टरांनी एकदम काढू नका, आधी एक बाजू काढून बघा, असं सुचवलं होतं. तो प्रयोग फसला. केतकीनं डावी काढली मात्र, सगळी खोली भोवऱ्यासारखी फिरायला लागली. डोळे एका जागी ठरेनात, भिंतीवरच्या एका घड्याळाची चार दिसायला लागली, ती ओकली. मेंदूला एकाच कानातून बातमी येत होती आणि तो तिचा अर्थ लावत होता की डोकं जोरात फिरतंय. तिनं चाचपडत उजवीही ओढून काढली, आणि फिरणं थांबलं. अंगात उभं राहण्याची ताकद नव्हती, पण घड्याळ पुन्हा एक झालं. तसं तिनं डॉक्टरांना कळवलं, आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी टिपून ठेवलं.

पुढचा पेशंट दवाखान्यात आलाच नाही. तो आला रेडिओवर.

दुपारची वेळ होती. दिलवर रत्नागिरीला निघाला होता, घाट ओलांडून उतरणीला लागला होता. केतकी नियंत्रण कक्षात दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसली होती. आता ती अशीच बसायची. कॅप्टन सबनीस मागे उभे होते. पडद्यावर दिलवरचा ठिपका पश्चिमेकडे सरकत होता, शेजारी त्याची उंची उतरत होती, सगळं रीतसर.

"ताई," रेडिओवर दिलवरचा आवाज आला. तो कधी रेडिओवर ताई म्हणत नसे. "डावी गेली."

"काय गेली?"

"पट्टी. डाव्या कानाची. सगळं फिरतंय."

पडद्यावरचा ठिपका वळायला लागला. उंचीचा आकडा भराभर खाली यायला लागला.

सबनीसांनी माइक ओढून घेतला. "ऑटोपायलट लाव."

"लावला. धरत नाही, सोडून देतोय."

"कृत्रिम क्षितिजाकडे बघ," केतकी माइक परत आपल्याकडे ओढत म्हणाली. ते यंत्र समोरच असतं. आकाश निळं, जमीन तपकिरी, मध्ये एक रेघ. ढगात वैमानिकाला तेवढंच क्षितिज.

"बघतोय. डोळे ठरत नाहीत, ताई. चार चार रेघा दिसतात."

तेव्हा केतकीला कळलं. चार घड्याळं तिनं पाहिली होती.

"दिलवर, उजवीपण ओढून काढ."

"वेडी आहेस का?" सबनीसांनी तिचा खांदा धरला. "एक बाजू चालू आहे त्याची, तीही—"

"काढ. दोन्ही गेल्या की फिरणं थांबतं. मी केलंय. काढ."

रेडिओवर नुसता इंजिनाचा आवाज, चढत चाललेला. मग दिलवरचा श्वास ऐकू आला.

"थांबलं, ताई. दिसतंय."

"आधी पंख सरळ कर. नाक नंतर. पंख सरळ झाल्याशिवाय ओढू नकोस."

"करतो."

"अंगाला काय वाटतंय ते सोडून दे. फक्त रेघ बघ."

"रेघ सरळ आहे. दिसतंय सगळं."

उंचीचा आकडा थांबला. क्षणभर तसाच राहिला आणि वर चढू लागला. कक्षात कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. सबनीसांचा हात तिच्या खांद्यावरून अजून हलला नव्हता, आणि तो हात एकदम घट्ट झाला. त्यांना आधी दिसलं होतं. गरगरत उतरताना दिलवर उलट फिरला होता. ठिपक्याचं तोंड आता पूर्वेला होतं, घाटाच्या भिंतीकडे, आणि तो त्या भिंतीच्या माथ्यापेक्षा खाली होता.

"डावीकडे वळ, दिलवर," केतकी म्हणाली. "समोर डोंगर आहे. डावीकडे वळ आणि वर घे."

ठिपका जागचा हलला नाही. ती बोलत राहिली. सबनीसांनी तिच्या हातातून माइक काढून घेतला तेव्हाही ती बोलतच होती.

तीन दिवसांनी दिलवरचे वडील धडगावहून आले. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, सोबत गावातला एक शिक्षक. ते केतकीसमोर खुर्चीवर बसेनात, तिच्यासमोर जमिनीवरच बसले. केतकीही मग खुर्ची सोडून खाली बसली, आणि तिला तसं बसायला सबनीसांनी हात दिला.

"शेवटी काय बोलला?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"दिसतंय, म्हणाला."

"काय दिसतंय?"

केतकीनं त्यांना कृत्रिम क्षितिज समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे डोंगर नाही दिसला त्याला."

"नाही."

"बरं झालं," म्हातारे म्हणाले आणि उठले.

चौकशी समिती बसली. केतकी काठी आणि रणधीरचा हात धरून साक्षीला गेली. डॉ. मुजावरांनी जे सांगितलं होतं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. पट्टी मेंदूला पांगळं करते, ती वैमानिकांवरून काढा. समितीतल्या एका सभ्य गृहस्थांनी तिला आस्थेनं विचारलं, "तुम्ही पट्टी सोडल्याला किती काळ झाला?"

"पाचवा महिना."

"आणि आता कसं आहे?"

"भिंत धरून चालते. अंधारात चालता येत नाही. मुलीला उचलता येत नाही."

"पट्टी होती तेव्हा?"

"तेव्हा सगळं येत होतं."

ते गृहस्थ काही लिहू लागले, आणि आपण काय बोलून बसलो हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. समितीनं निष्कर्ष काढला की धोका पट्टीत नसून पट्टी बंद पडण्यात आणि काढण्यात आहे. सबब प्रत्येक बाजूला दोन स्वतंत्र बॅटऱ्या असाव्यात, आणि सेवेतल्या वैमानिकांनी पट्टी चोवीस तास घालावी. वैद्यकीय तपासणीही पट्टी लावूनच व्हावी. केतकीची साक्ष या निष्कर्षाचा मुख्य आधार होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात डॉ. मुजावरांनी तिला पुन्हा त्या फोमच्या गादीवर उभं केलं. नर्सनी पुन्हा झेललं.

"मला वाटत होतं, एवढ्यात काही तरी हालचाल दिसेल," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या दिवसाइतकंच आहे. तुम्हाला आणखी वाट बघायला लावण्यात अर्थ नाही."

"मग मला पट्टीच लिहून द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ती विमानाचं उपकरण म्हणून मंजूर आहे, केतकी. उपचार म्हणून नाही. मी अर्ज केला होता, फेटाळला. दुकानात मिळत नाही, दवाखान्यात मिळत नाही. सेवेत असलेल्या वैमानिकाला मिळते, बस."

जूनमध्ये घाट पुन्हा बंद पडला, आणि सबनीसांचा फोन आला. त्यांच्याकडे माणसं उरली नव्हती. दोघांनी नोकरी सोडली होती आणि ते आपापल्या घरी भिंती धरून चालत होते. केतकीनं विचार करायला वेळ मागितला नाही. फोन ठेवून वळली तर रणधीर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"हो म्हणालीस."

"हो."

"जमिनीवर उभं राहता यावं म्हणून आकाशात जाणार तू?"

"दुसरा रस्ता असेल तर सांग."

"मी आहे ना. मी धरतो तुला."

"किती वर्षं?" ती म्हणाली. "तू फौंड्रीत जाऊ नकोस, मी न्हाणीघरात एकटी जाऊ नको. जुई शाळेत जाईल तेव्हा मी खिडकीला धरून तिला बघू. हे किती वर्षं?"

"दिलवरसारखी गेलीस तर?"

"तर तेवढंच आयुष्य."

रणधीरनं जवळचा पेला उचलला आणि परत ठेवला. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "मला माहीत होतं तू हो म्हणणार. मीही तेच केलं असतं. म्हणूनच राग येतोय."

नवी पट्टी जरा जाड होती. तंत्रज्ञानं दोन्ही कानांमागे ती चिकटवली, बटण दाबलं, आणि वर्षभर कललेलं जग एका क्षणात सरळ झालं. केतकी खुर्चीतून उठली, कुणाचा हात न धरता खोलीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. फक्त भूक लागल्यासारखं झालं.

पहिलंच उड्डाण रत्नागिरीचं होतं. घाटाच्या अलीकडे ढगांनी गाठलं, बाहेर पांढरं झालं. तिनं उंची सोडायला सुरुवात केली. खाली कुठंतरी ती भिंत होती, जिच्यावर आता पुन्हा गवत उगवलं असेल. तिथून जाताना आपल्याला भीती वाटावी असं तिला मनापासून वाटत होतं. दिलवरसाठी तेवढं तरी वाटायला हवं होतं. पण पट्टी तिला सांगत होती की सगळं सरळ आहे, आणि अंगाला ते तंतोतंत पटत होतं. कानांमागे दोन्ही बाजूंना मंद ऊब जाणवत होती. डॉक्टरांचं बोलणं तिला आठवलं. आहे तेवढंही जाईल. ते आता जात होतं, या क्षणाला, आणि जाताना काहीही जाणवत नव्हतं.

किमान उंची जवळ आली. काचेबाहेर पांढरंच. तिनं आकड्यावर नजर ठेवली. विमान वर उचलायच्या बेतात असताना खाली दिव्यांची ओळ उमटली, आणि ती उतरली. रुग्णवाहिका उभी होती. पेट्या उतरल्या, कुणीतरी तिच्या हातात चहाचा कागदी कप दिला, कुणीतरी म्हणालं, "आलात ते बरं झालं, मॅडम. बाई ऑपरेशनच्या टेबलावर आहे." ती बाई वाचली, असं तिला नंतर कळलं.

परतीच्या प्रवासात ढग विरळ होते. संध्याकाळी दिवेलागणीला केतकी घरी पोचली, गाडी स्वतः चालवत. जिना चढली. कठड्याला हात लावला नाही. दार उघडं होतं.

आत जुई खेळणी मांडून बसली होती. आईला दारात बघताच ती पटकन उठली, वाटेत पडलेली खेळणी पायानं बाजूला सारली, लहान पाट ओढून कडेला घेतला, आणि स्वतः भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन उभी राहिली. आई चालायला लागली की वाट मोकळी करायची, तिला धरायचं नाही, तिच्या अंगावर जायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून ती शिकली होती.

रणधीर आतल्या दारात येऊन थांबला.

केतकी खोलीच्या मध्यापर्यंत सरळ चालत गेली आणि खाली वाकून तिनं हात पसरले. "ये. आता नाही पडत मी."

जुई भिंतीपासून हलली नाही. तिनं आईच्या पायांकडे पाहिलं, मग रणधीरकडे, मग पुन्हा आईकडे.

"उद्या?" तिनं विचारलं.

केतकीचे हात तसेच पसरलेले राहिले. उद्याचं उड्डाण सकाळी लवकर होतं, आणि घाटावर ढग असणार होते.